भागोजीच्या सनईचा अखंड सप्ताह

मु. पो. सातविहिरे, ता. खेड, जि. रत्नागिरी
रामनवमीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप अनिलदादांच्या चरणी,

महिपतचा नमस्कार. (गुडघ्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला भेटीत पुरा करीन.) तुमची साखर, वहिनींची कंबर आणि तुमच्या सोसायटीची लिफ्ट, तिघांच्याही प्रकृती आता सुधारल्या असतील अशी आशा आहे. इकडे सारे ठीक. तुमची बहीण तुळसा ठणठणीत आहे. तिने काजूच्या बागेतून हाक मारली की मला लोटे इथल्या कंपनीतला भोंगा आठवतो आणि निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी पाय डबा शोधायला लागतात. हापूसचा मोहोर यंदा गळला, रायवळ मात्र झाड मोडेल इतका लागलाय. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोन केला की वहिनी स्पीकर लावतात, मग तुमच्याकडे बसलेले पाहुणे, शेजारीण आणि इस्त्रीवाला असे सगळेच 'हां, हां' करतात आणि माझ्याने अर्धंच खरं बोलवतं. म्हणून पत्र. बरोबर आमसुलं आणि कुळथाचं पीठ धोंडूच्या जावयाकडे दिलंय, त्याच्याकडून आठवणीने मागून घ्या, तो विसरतो (सोयीने).

दादा, भागोजी आठवतो ना? देवळाच्या खालच्या अंगाला घर, किडकिडीत, आयुष्यात कधी मिशी न राखलेला. (मिशीचा केस फुंकायच्या पत्तीत अडकतो म्हणतो. खरं-खोटं त्याची सनई जाणे.) आपल्या गावचा खालू बाजा म्हणजे सनईवर भागोजी, ढोलावर धोंडू आणि टिमकीवर ज्याचे हात मोकळे असतील तो. शिमग्यात पालखीपुढे हा बाजा अजून वाजतो, पण ते देवाचं काम, तिथे आमंत्रण लागत नाही. लग्नाचं तसं नाही. लग्नघरच्या माणसाने दारात जाऊन नारळ-सुपारी द्यायची, वाजवणाऱ्याने ती कपाळाला लावायची, मग बाजा ठरला. अशी सुपारी भागोजीच्या दारात गेली दोन वर्षं आलेली नाही. पंचक्रोशीत सगळ्यांना डीजे लागतो. भागोजीने माघातच सांगून टाकलं, की अक्षय्य तृतीयेपर्यंत एक जरी सुपारी आली तर राहीन, नाहीतर सनई देवाच्या पायाशी ठेवून नालासोपाऱ्याला मुलाकडे जाईन. मुलाकडे चौथ्या मजल्यावर एक खोली आहे. तिथे सनई वाजवली तर आजूबाजूचे पोलीस बोलावतील, न वाजवली तर भागोजी काय करील हे मला ठाऊक नाही, त्यालाही नाही. आणि सनई गेली की खालू बाजाही संपला, कारण नुसत्या ढोलावर धोंडू फार तर दवंडी पिटू शकतो.

हे आमच्या शाळेतल्या आम्रपाली बाईंच्या मनाला फार लागलं. बाई चिपळूणच्या, पण सातविहिऱ्याची काळजी आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त. त्या म्हणाल्या, गाव ऐकत नाही तर जगाला ऐकवू. गाण्यांचं ते अॅप असतं ना, ज्यात फुकट ऐकलं तर मध्येच टूथपेस्टची जाहिरात लागते, त्यात भागोजीची सनई घालायची. सातवीच्या वर्गात, पंखा बंद करून, खिडकीला गोधडी लावून बाईंनी त्याचं वाजवणं टिपलं. भागोजीने आधी मोबाइलला उदबत्ती ओवाळली. (मोबाइल बाईंचा.) किती वेळ वाजवू म्हणून विचारलं तर बाई म्हणाल्या, चार मिनिटं. भागोजी माझ्याकडे बघायला लागला. चार मिनिटांत नवऱ्याचा फेटासुद्धा बांधून होत नाही दादा, आणि ह्याला सांगितलं होतं वरात वाजवायला, म्हणजे वेशीपासून मांडवापर्यंतची सगळी. तरी वाजवली बिचाऱ्याने. शेवटाला एक कोंबडी ओरडल्याचं ऐकू येतं, ती माझ्या घरची.

मग अॅपने विचारलं, हे संगीत कुठल्या प्रकारचं? यादी होती लांबलचक, त्यात दु:खी माणसाचं संगीत होतं, व्यायामाचं होतं, कुत्र्याला झोपवायचंसुद्धा होतं. खालू बाजा नव्हता. शेवटी बाईंनी 'जागतिक' नावाच्या खणात घातलं. हे कळलं तेव्हा भागोजी दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. जो माणूस खेड स्टेशनाच्या पलीकडे चार वेळा गेला असेल, त्याला एकदम जगातच घातलेला. फोटो लागतो म्हणून त्याच्या मतदार ओळखपत्रावरचाच चढवला. त्यात तो नुकताच पकडून आणल्यासारखा दिसतो. आता जगाला तो तसाच माहीत आहे.

दादा, पुढचं सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो. आठवडाभरात अकरा जणांनी ऐकलं. दहा आमचेच, मोजून काढले. अकरावा ठिपका नकाशावर भलतीकडेच दिसत होता. बाईंनी बोट लावलं तर नाव आलं चिली. मी शाळेतला पृथ्वीचा गोल आणला (जपानात टाचणी घुसलेला, तोच), फिरवून फिरवून चिली शोधला. समुद्राच्या कडेला मिरचीएवढी लांब पट्टी आहे, आपल्या कोकणासारखीच, पण पार पलीकडच्या अंगाला, म्हणजे आपण उभे तर ते लोक खाली डोकं वर पाय. तिथल्या एका माणसाने, ज्याला खेड ठाऊक नाही, लोटे ठाऊक नाही, त्याने आमच्या भागोजीची फुंक पहिल्यापासून शेवटपर्यंत, कोंबडीसकट ऐकली. एकदा नाही, तीनदा! मी एकतीस वर्षं बॉयलरपाशी काढली, पुष्कळ दाब बघितले, पण त्या गोलापुढे उभा राहिलो तेव्हा छातीत जे झालं त्याला आमच्या कंपनीत काटा नव्हता. भागोजी तर त्या पट्टीवर बोट ठेवून खांबासारखा उभा. मग म्हणाला, "त्याच्याकडं लगीन आसल वो महिपतभाव. नायतर वरात कोन कशाला ऐकल?" यावर कुणीही हसलं नाही, कारण ते सगळ्यांना पटलं.

घोळ इथून सुरू झाला आणि तो मीच घातला. बाईंनी सांगितलं होतं, की वर्षात हजार वेळा ऐकलं गेलं तरच ते अॅपवाले गाण्याला मोजतात, त्याच्या आत असेल तर ते असून नसल्यासारखं. आम्ही तेरावर (चिलीचे तीन धरून). देवळात बैठक बसली. कुणी म्हणालं मुंबई मंडळाला कळवू, कुणी म्हणालं आमदाराला निवेदन देऊ. तेवढ्यात माझ्या डोक्यात ती कल्पना आली. (दादा, माझ्या डोक्यात कल्पना आली की तुमची बहीण आधी गॅस बंद करते, तिला अनुभव आहे.) मी म्हटलं, दरवर्षी आपण हरिनामाचा अखंड सप्ताह बसवतो. पाच वाड्या तीन-तीन तासांचे पहारे वाटून घेतात, वीणा सात दिवस खाली टेकत नाही. मग तसाच सनईचा सप्ताह का बसवू नये? फोन मांडायचे, भागोजीची वरात लावायची, संपली की परत लावायची. हजार काय चीज आहे! टाळ्या पडल्या, पुजाऱ्याने कौल लावला, देवाने उजवा दिला. देवाला अॅपचे नियम कुणी सांगितले नव्हते.

देवळाच्या पायरीवरच तेवढी रेंज येते, म्हणून पायरीवर चौरंग मांडला, त्यावर चौदा मोबाइल, प्रत्येकाला हळद-कुंकवाचं बोट. (माझ्या मोबाइलच्या भोकात कुंकू गेलं, तेव्हापासून चार्जिंग तिरकी पिन धरून करावं लागतं.) मांडववाल्याने प्लगचा बोर्ड फुकट दिला. पहाऱ्याचा तक्ता मी केला, अगदी कंपनीच्या शिफ्टप्रमाणे, लॉगबुकासकट: पहारेकरी, वाडी, सही, शेरा. नियम एकच होता आणि तो गावानेच घातला. नुसते फोन वाजत ठेवून गप्पा मारायच्या नाहीत, पहारा म्हणजे बसून ऐकायचं, नाहीतर दोष लागेल. पहिल्या दिवशी कुणाच्या सासूचा फोन आला आणि त्या मोबाइलवरची सनई तुटली. खंड पडला म्हणून त्या जावयाला नारळ भरावा लागला. सासूला हे कुणीतरी कळवलं, तेव्हापासून ती रोज त्याच वेळेला फोन करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई धावत आल्या. आकडा अॅपवर उशिरा दिसतो, पण दिसला तो पाच हजारांच्या वर. पहिल्याच दिवशीचा. बाई म्हणाल्या, झालं काम, पुरे करा आता. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. दादा, तुम्हीच सांगा, सात दिवसांचा संकल्प सोडून सप्ताह दुसऱ्या दिवशी कसा उठवायचा? तशी रीत आहे का कुठे? बाई काकुळतीला आल्या, म्हणाल्या इतकं ऐकणं बरं दिसत नाही. त्यावर यमुनाबाईंनी (वय ऐंशीच्या पुढे, नक्की किती ते त्यांना मुळीच ठाऊक नाही) त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि गप्प ऐकायला लावलं.

आणि इथे मला खरं ते सांगायचं आहे, चेष्टा बाजूला ठेवून. माझा पहारा तिसऱ्या दिवशी दुपारी बाराचा. भागोजीची सनई मी जन्मापासून ऐकतोय असं मला वाटत होतं. खोटं आहे ते. लग्नात सनई वाजत असते तेव्हा आपण पंगतीचे पाट मोजत असतो, आईस्क्रीम आलं का बघत असतो. बसून, हातात काही नसताना, मी ती पहिल्यांदा ऐकली. चौथ्या-पाचव्या वेळेला मला खटकलं, की हा श्वास कुठे घेतो? सूर धरतो तो धरतोच, लांबवतो, वळवतो, वर नेतो, आणि मध्ये कुठे चीर नाही. बॉयलरला सुद्धा वाफ सोडावी लागते हो! मी तीन तास कान लावून बसलो, चाळीस वेळा तरी तेच ऐकलं, श्वास काही सापडला नाही. नंतर धोंडूने सांगितलं, की तो गाल फुगवून त्यातली हवा सोडत राहतो आणि त्याच वेळी नाकाने नवी घेतो, हे शिकायला त्याला पोरवयात चार वर्षं लागली, ओढ्यात गवताची काडी बुडवून बुडबुडे न थांबता काढायचे. चार वर्षं ओढ्यात काडी! मी चाट पडलो. लॉगबुकात शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू सुचेना, शेवटी 'सर्व ठीक' लिहिलं. यमुनाबाई रोज तीन-तीन पहारे बसायच्या, डोळ्यांना पदर लावून. त्यांची वरात भागोजीच्या बापाने वाजवली होती. वेशीवरची पहिली फुंक अगदी तीच आहे, असं त्यांनी मला चार वेळा सांगितलं आणि चारही वेळा मी मान खाली घातली.

पाचव्या दिवशी भागोजी आला. चपला काढून, हात जोडून, एका बाजूला उभा राहिला. तक्त्यात देऊळवाडीचा एक माणूस कमी होता, म्हणून मी (देवा!) त्याला पहारा दिला. तो बसला. तीन तास स्वतःलाच ऐकत बसला. उठताना एवढंच म्हणाला, की दुसऱ्या फेऱ्याला जीभ घसरली आहे, आता ती तिकडे चिलीतसुद्धा रोज घसरणार. मग लॉगबुकावर सही करता करता, अगदी सहज, रागबिग काही नाही, म्हणाला, "मी घरातच व्हतो की. हाक मारली आसतीत तर आलो आसतो." चौदा फोन वाजत होते. त्याचं घर पायरीपासून पन्नास पावलांवर. पाच वाड्या, एकशे बारा पहारेकरी, एक शिफ्ट इन्चार्ज, आणि कुणाच्याही डोक्यात आलं नाही की ज्याची सनई आहे त्याला बोलवावं.

सप्ताह उठला. आकडा एकतीस हजारांवर गेला, काल्याची दहीहंडी फुटली, भागोजीला शाल दिली. तिसऱ्या दिवशी बाईंना इंग्रजीत पत्र आलं. मजकूर असा, की सदर गाणं काढून टाकलं आहे, कारण ते माणसांनी ऐकलेलं नसून यंत्रांनी ऐकलेलं आहे. एकाच जागी चौदा यंत्रं, सात दिवस, क्षणभर न थांबता एकच गाणं, असं मनुष्यप्राणी ऐकत नाही. दादा, गाव पेटलं. आम्ही मनुष्यप्राणी नाही? यमुनाबाई यंत्र? तातडीने ग्रामसभा बसली. लॉगबुकाच्या नकला काढल्या, सगळ्यांच्या सह्या, अकरा अंगठे, आणि वर सरपंचांचा शिक्क्यासह दाखला: 'सोबतच्या यादीतील एकशे बारा इसम या गावचे रहिवासी असून हयात आहेत, व त्यांनी सदर सनई स्वतःच्या कानांनी, जागेपणी व स्वखुशीने ऐकली आहे.' बाईंनी त्याचं इंग्रजी करून धाडलं. एका मिनिटात उत्तर आलं! एकशे बारा सह्या एका मिनिटात वाचणाऱ्या कचेरीबद्दल माझ्या मनात आदर दाटून आला. पण बाई म्हणाल्या, कुणी वाचलं नाही, हे उत्तर यंत्रानेच दिलं आहे. म्हणजे आम्हाला यंत्र ठरवलं तेही यंत्रानेच.

तर गाणं गेलं. भागोजीला सांगायला मी गेलो. वाटलं होतं खचेल. तो सनईची पत्ती ओठात भिजवत बसला होता, आणि त्याने विचारलं ते चिलीच्या माणसाचं, त्याच्या घरचं कार्य आता कसं व्हायचं म्हणून. दादा, मी देवळं पाहिली, कंपनीत परदेशी साहेब पाहिले, तुमच्या मुंबईतले मोठमोठे लोक लांबून पाहिले. पण जो माणूस अजून त्या परक्याच्या वरातीची काळजी करतो, त्याच्यापुढे मला माझा गुडघा दुखत असूनही पुरतं वाकावंसं वाटलं. त्याच्या घरात कोपऱ्यात पत्र्याची ट्रंक बाहेर काढून ठेवलेली दिसली. अक्षय्य तृतीयेला तीन आठवडे उरलेत.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार. साखर सांभाळा, आमसुलं मागून घ्या.

तुमचा आज्ञाधारक (कधीकधी)
महिपत

ता. क. – मुद्द्याचं लिहायचं राहिलंच. तुमच्या ऋत्विकचं लग्न वीस मेला गावी आहे आणि तुम्ही त्यासाठी खेडचा डीजे ठरवला आहे, असं तुळसा म्हणते. तो नको. भागोजीला सुपारी द्या. ऋत्विकच्या मित्रांना नाचता येणार नाही असं तुम्ही म्हणाल. त्यांना तसंही येत नाही, साखरपुड्याला मी पाहिलंय.

ता. क. दुसरा – वर मी 'पंचक्रोशीत सगळ्यांना डीजे लागतो' असं लिहिलं, ते लबाडीचं वाक्य आहे. आपल्या गावात लग्नाला पहिला डीजे मी आणला, चार वर्षांपूर्वी, आमच्या मनस्वीच्या लग्नात. तुम्ही होतात, नाचलातही. भागोजी त्या दिवशी आला होता तो काखेत फडक्यात बांधलेली सनई घेऊन, ऐनवेळी कुणी म्हणालंच तर असावी म्हणून. मी ती पाहिली. पाहून त्याला म्हटलं, जेवून जा. तो जेवला, जिलबी छान झाली म्हणाला आणि गेला. हे मी तुळसालाही कधी सांगितलेलं नाही.

ता. क. तिसरा – तुमच्या उत्तराची वाट पाहायला हवी होती हे कबूल. पण काल संध्याकाळी तुमच्या नावाने नारळ-सुपारी मी भागोजीच्या दारात देऊन आलो. 'विचारून सांगतो' असं म्हणायचं ठरवून गेलो होतो, त्याने दोन्ही हात पुढे केले तेव्हा ते तोंडातून निघेना. आता डीजेवाल्याला काय सांगायचं ते तुम्ही बघा, त्याचा नंबर पाठीमागे लिहिला आहे. आणि पत्र फार लांबलं त्याबद्दल रागावू नका. भागोजी सकाळपासून ऋत्विकच्या वरातीचा सराव करतोय, तो थांबल्याशिवाय मला उठवत नाही, आणि तो काही थांबत नाही.